हाजिरीबाबूंनी दिलेलं आडनाव

हाजिरीबाबू माणसाला आधी त्याच्या आडनावाचा अर्थ सांगत आणि मगच त्याचं कार्ड हातात देत. सकाळी पावणेआठला गेटवर कामगारांची रांग लागलेली असे, घड्याळात कार्ड टोचायला थोडीच मिनिटं उरलेली असत, आणि टाइम ऑफिसच्या खिडकीतून त्यांचा शांत आवाज येई, "श्रीवास्तव. यानी श्रावस्ती के. भगवान बुद्ध की नगरी के लोग, और रोज पांच मिनट लेट." रांगेत हसू पसरे. श्रीवास्तव मान खाली घालून कार्ड घेई, पण जाताना त्याची चाल जरा ताठ झालेली असे.

वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्यात रंगाचे आणि तेलाचे पत्र्याचे डबे बनत. ऐंशी सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मी तिथं टायपिस्ट म्हणून लागले. वय एकोणीस, बोटांना वेग होता आणि डोक्यात फारसं काही नव्हतं. हाजिरीबाबू आमचे टाइमकीपर. खरं नाव धोंडीराम निमगावकर, पण ते फक्त पगारपत्रकावर. कामगारांतले निम्मेअधिक उत्तर प्रदेशातले. त्यांनी 'हाजिरीबाबू' म्हणायला सुरुवात केली आणि पुढे साहेबसुद्धा तसंच म्हणू लागले. राहायला ते ठाकुर्लीला. अंगानं बारीक, पांढरा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेल्या बाह्या. नोकरी करता करता त्यांनी हिंदीच्या सगळ्या परीक्षा दिल्या होत्या. त्यांची हिंदी इतकी शुद्ध की जौनपूरचे कामगार ती ऐकून अवघडून जात.

त्यांच्याकडे एक लांबट वही होती. तिच्यात हिंदी आडनावं आणि त्यांचे अर्थ. द्विवेदी झिजून दुबे झाला, त्रिवेदी झिजून तिवारी, चतुर्वेदी झिजून चौबे. "उपाध्याय माहीत आहे ना तुला? तोच शब्द लोकांच्या तोंडात घासत घासत ओझा झाला. नदीतल्या गोट्यासारखा," ते मला सांगत. माथुर मथुरेचे, कनौजिया कनौजचे, जायसवाल जायस गावचे. प्रजापती म्हणजे कुंभार. "मातीतून वस्तू घडवतो, म्हणून थेट ब्रह्मदेवाचं नाव घेतलं त्यांनी. किती सुंदर आहे बघ." डबा खाताना पोळीचा तुकडा हातात तसाच राही आणि ते अशा एखाद्या आडनावात हरवून जात.

प्रेस मशीनवर चौबे नावाचा एक माणूस होता. पगाराच्या दिवशी तो अंगठा लावायचा. हाजिरीबाबूंनी एकदा त्याचा हात धरून ठेवला. "चौबेजी, आपके नाम में चार वेद हैं. अंगूठा मत लगाइए, मुझे शरम आती है." त्यानंतर दोन महिने जेवणाच्या सुट्टीत त्यांनी त्याला सही शिकवली. सही जमली त्या दिवशी चौबेनं त्यांच्यासाठी पेढे आणले. गेटवरच्या तिवारी वॉचमनला ते म्हणाले, "देखिए तिवारीजी, तीन वेदवाले बाहर खड़े हैं और चार वेदवाले पढ़ना सीख रहे हैं." तिवारीही हसला. त्यांच्या थट्टेनं कुणाला ओरखडा उठत नसे.

अर्थ सांगताना एक गोष्ट ते कटाक्षानं टाळत. मी सुरुवातीला एकदा विचारलं होतं, "म्हणजे हे लोक कोण?" त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "अर्थ विचार पोरी. जात विचारू नकोस. अर्थ सगळ्यांना पुरतो."

ते असं का म्हणतात हे मला पुढे कळलं. त्यांचे वडील नाशिककडच्या एका खेड्यातून रेल्वेत कामाला आले. गावात त्यांना नावापुढे जात लावून हाक मारत, दुसरं काही नव्हतंच. भरतीच्या टेबलावरच्या कारकुनानं विचारलं, आडनाव काय? वडिलांनी पुन्हा नुसतं नावच सांगितलं. कारकुनानं गाव विचारलं आणि लिहून टाकलं, निमगावकर. "कोण होता, कुठला होता, काही माहीत नाही," हाजिरीबाबू म्हणाले. "पण त्या एका शब्दानं मी शाळेत बाकावर बसलो. माझे चुलतभाऊ गावच्या शाळेत दाराशी बसायचे. पुढे आम्ही सगळ्यांनीच धम्म घेतला, मान वर झाली, ते वेगळं. पण पहिलं दार त्या कारकुनानं उघडलं." घरी त्यांच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्याखाली वडिलांचा रेल्वेचा बिल्ला खिळ्याला अडकवलेला होता.

मग कंपनीनं नवी कार्डं छापली. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, असे तीन रकाने, आणि एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही असा साहेबांचा हुकूम. जुन्या मस्टरमध्ये आधीच्या कारकुनानं ज्यांना आडनाव नव्हतं त्या सगळ्यांपुढे सरसकट 'भैया' लिहून ठेवलं होतं. ते पाहून हाजिरीबाबूंचा चेहरा उतरला. ब्लेडच्या अर्ध्या पात्यानं त्यांनी ते शब्द एकेक करून खरवडले आणि त्या माणसांना एकेक करून खिडकीशी बोलावलं. "आपके पिताजी क्या करते हैं? नदी में नाव चलाते हैं? तो निषाद लिखूं? बहुत पुराना नाम है, रामायण में है." माणूस लाजायचा, विचार करायचा, दुसऱ्या दिवशी येऊन सांगायचा. कुणी निषाद झाला, कुणी विश्वकर्मा, एकानं गौतम मागून घेतलं तेव्हा हाजिरीबाबू दिवसभर खुशीत होते.

तिवारीला हे पसंत नव्हतं. "बाबू, नाम बाप-दादा से मिलता है. आप कैसे बांट रहे हैं?"

"मेरे बाप को भी किसी ने नाम दिया था, तिवारीजी," ते म्हणाले, आणि पुढचं कार्ड उचललं.

त्या कार्डावरचा माणूस होता कतवारू. वीस-बावीसचा, सुलतानपूर जिल्ह्यातला. एका ठेकेदाराबरोबर शहाडला बांधकामावर आलेला. ठेकेदार दुसरीकडे गेला आणि हा इथंच राहिला. त्याच्या गावचं आसपास कुणी नव्हतं. किसननगरात दुसऱ्याच जिल्ह्यातल्या चौघांबरोबर एका खोलीत राहायचा. बोलायचा कमी. पत्र्याच्या कापलेल्या कडा हातमोजे न घालता सफाईनं उचलायचा आणि आम्ही ओरडलो की नुसता हसायचा.

हाजिरीबाबूंना कतवारू या नावाचा अर्थ ठाऊक होता. कतवार म्हणजे केरकचरा. "याच्या आधीची भावंडं गेली असणार," ते मला हळू आवाजात म्हणाले. "मग आई असं नाव ठेवते. म्हणजे मृत्यूला वाटावं, हा कचराच आहे, याला कशाला न्यायचं. आपल्याकडे केरबा ठेवतात, दगडू ठेवतात. मला धोंडी का म्हणतात? माझ्या आधीचे दोन गेले." कतवारूला त्यांनी आडनाव विचारलं तर तो म्हणाला, "हमरे इहाँ नाम के आगे कुछ नाहीं लागत बाबू. जौन आप लिख दें." वहीतली पाच-सहा आडनावं वाचून दाखवली तरी त्याचं तेच, जौन आप लिख दें, तुम्ही लिहाल ते. तेव्हा हाजिरीबाबूंनी आपल्या मनानं लिहिलं, सरोज. त्या भागात काही घरं हे आडनाव लावतात, असं त्यांच्या वहीत होतं. "सरोज यानी कमल. समझे? कतवार में से कमल." कतवारूनं ते कार्ड हातात उलटंपालटं करून पाहिलं. त्याला वाचता येत नव्हतं. पण त्या दिवसापासून तो खिडकीशी आला की स्वतःच म्हणायचा, "सरोज आइ गवा बाबू."

कारखान्यात सगळे एकमेकांना आडनावानंच ओळखत. वर्षभरात तो आम्हा ऑफिसवाल्यांसाठी नुसता सरोज झाला. मला त्याचं दुसरं नाव आठवायला कार्ड बघावं लागलं असतं.

श्रावणात त्याला ताप आला. खोलीतल्यांना वाटलं साधा ताप आहे. चौथ्या दिवशी त्यांनी त्याला रिक्षात घालून सरकारी हॉस्पिटलात नेलं, तोवर कावीळ अंगभर गेली होती. हाजिरीबाबू दोन दिवस त्याच्या खाटेशी बसून होते. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

हाजिरीबाबू हॉस्पिटलातच कागदपत्रांच्या मागे होते. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, गावी ताबडतोब तार कर. खोलीतल्या माणसांनी पत्ता आणून दिला होता, बापाचं नाव रामदुलार, गाव आणि पोस्ट. मी तारेचा फॉर्म घेतला. ऑफिसच्या तारा मीच लिहायचे. कमीत कमी शब्दांत मजकूर बसवण्याची मला सवय होती आणि थोडा अभिमानही. मी इंग्रजीत लिहिलं, 'सरोज एक्सपायर्ड कम इमिजिएटली', खाली कंपनीचं नाव आणि गाव. शिपाई तो फॉर्म घेऊन गेला. संध्याकाळी हाजिरीबाबू आले, डोळे लाल झालेले. "तार गेली?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "गेली." त्यांनी मजकूर विचारला नाही. मलाही त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही.

आम्ही वाट पाहिली. दुसरा दिवस, तिसरा. हाजिरीबाबू सकाळी हॉस्पिटलात जात, शवागाराच्या माणसाची विनवणी करून आणखी एक दिवस मागून घेत आणि मग कामावर येत. गेटवर कुणी अनोळखी म्हातारा दिसला की खिडकीतून उठून बाहेर जात. पाचव्या दिवशी हॉस्पिटलवाल्यांनी सांगितलं, यापुढे ठेवता येणार नाही. मग कारखान्यातले वीस-पंचवीस लोक गेले. तिवारी वॉचमननं आपल्याला आठवत होते ते मंत्र म्हटले. अग्नी कोण देणार म्हणून सगळे थांबले, तेव्हा हाजिरीबाबू पुढे झाले. "मी बौद्ध माणूस, मला यातलं काही येत नाही," ते तिवारीला म्हणाले. "आप बताते जाइए, मैं करता जाऊंगा. उसके घर में जैसा होता है, वैसा होना चाहिए." तिवारी सांगत गेला, ते करत गेले.

त्यानंतर दोन दिवसांनी पोस्टातून कळवलं गेलं. तार पोचली होती. पण घेणाऱ्यानं ती आपली नाही म्हणून परत केली होती.

साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. तारेच्या फॉर्मची कार्बन प्रत त्यांच्या टेबलावर होती. हाजिरीबाबूंनी ती उचलून वाचली. एकदा, मग पुन्हा एकदा. मी त्यांच्या शेजारी उभी होते. त्या क्षणापर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्यांचं बोट 'सरोज'वर थांबलेलं पाहिलं आणि आलं, हे नाव त्याच्या घरी कुणाला ठाऊकच नव्हतं.

"हा मजकूर कोणी दिला?" साहेबांनी विचारलं.

"मी सांगितला होता," हाजिरीबाबू म्हणाले. "फोन करून. हिनं नुसता लिहून घेतला."

मी काही बोलले नाही. नोकरी नवी होती, घरी धाकटी बहीण शिकत होती, ही कारणं मी मागाहून शोधली. त्या वेळी कारण नव्हतं. मी फक्त गप्प राहिले. हाजिरीबाबूंनी ती प्रत घडी करून खिशात ठेवली आणि रजेचा अर्ज दिला. दुसऱ्या दिवशी ते अस्थी आणि कतवारूची पत्र्याची पेटी घेऊन सुलतानपूरला गेले.

बारा दिवसांनी परतले. मी मस्टर द्यायला टाइम ऑफिसात गेले तर त्यांनी मला बसायला सांगितलं. पुढचं सगळं ते माझ्याकडे न बघता बोलले.

"तार गावात पोचली होती. शाळेच्या मास्तरांनी वाचून दाखवली. इंग्रजीत बाई की पुरुष ते कळत नाही ना. सरोज म्हणजे बाईचंच नाव असणार. मास्तर म्हणाले, सरोज मर गई. खाली गाव होतं थाना." आमच्या ऑफिसच्या पत्त्यात तेव्हा ठाण्याचं स्पेलिंग तसंच असे. "त्यांना वाटलं, कुठल्या तरी पोलीस ठाण्यातून आली. मुलगा तर बंबईत, खोलीतल्यांनी लिहिलेल्या पत्रांवर बंबईच असायचं. घरात सरोज कुणी नाही. बाप घाबरला. म्हणाला, दुसऱ्या कुणा रामदुलारची आहे, परत न्या. आणि पोस्टमनला म्हणाला, जल्दी ले जाओ भैया, जिसकी बिटिया है उसको जल्दी मिल जाए."

त्यांनी मी आणलेलं मस्टर उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"आईनं त्या दिवशी चूल पेटवली नाही. कुणाची तरी लेक गेली म्हणून. त्या सरोजसाठी रडली ती."

"तुम्ही त्यांना काय सांगितलंत?" मी विचारलं.

"खरं ते. म्हटलं, सरोज तुमचाच मुलगा. ते नाव मी ठेवलं. म्हातारा खाटेवर बसून होता. त्यानं अर्थ विचारला, मी सांगितला. मग म्हणाला, नाम तौ बहुत नीक है बाबू. मुला हम चीन्हे नाहीं."

नाव फार छान आहे, पण आम्ही ओळखलं नाही. तो म्हातारा एवढंच बोलला होता. हाजिरीबाबूंना त्यानं शिव्या दिल्या असत्या तर ते कदाचित सावरले असते. त्यानं त्यांना दोन दिवस ठेवून घेतलं, जेवू घातलं आणि स्टेशनपर्यंत पोचवायला माणूस दिला.

त्यानंतर टाइम ऑफिसच्या खिडकीतून आडनावाचा अर्थ कधी ऐकू आला नाही. कार्डं मुकाट्यानं दिली जात. एकदा तिवारीच आपण होऊन म्हणाला, "बाबू, हमारे नाम का मतलब एक बार फिर सुनाइए." बिचाऱ्याला त्यांना हसवायचं होतं. "आपको मालूम है, तिवारीजी," एवढंच बोलून ते मस्टरमध्ये वाकले. लांबट वही घरी गेली ती परत आली नाही.

तिच्या जागी त्यांनी एक साधं रजिस्टर केलं. जेवणाच्या सुट्टीत एकेका कामगाराला बोलावत आणि विचारत, घरी काय म्हणतात? आई कोणत्या नावानं हाक मारते? गावचा पोस्टमन कोणत्या नावानं ओळखतो? विश्वकर्मा म्हणवणारा एक पन्नाशीचा फिटर किती वेळ सांगेना, मग खिडकीच्या आत तोंड घालून हळूच म्हणाला, "घुरहू." घुरहू म्हणजे उकिरड्यावरचा. हाजिरीबाबूंनी ते न हसता, न काही बोलता लिहून घेतलं. नवीन माणूस लागला की आधी हे रजिस्टर, मग कार्ड. साहेब बदलले, नव्या साहेबांना हा वेळेचा अपव्यय वाटला. हाजिरीबाबूंनी त्यांच्याशी वाद घातला नाही आणि रजिस्टर बंदही केलं नाही.

माझ्याशी ते पूर्वीसारखेच वागत. माझ्या लग्नात ते बायकोला घेऊन आले होते. आहेराबरोबर एक चांगलं पेन दिलं. मी डोंबिवलीला राहायला गेले, नोकरी चालू ठेवली. रोज त्यांच्या खिडकीवरून जायचे आणि रोज वाटायचं, आज बोलावं. मग वाटायचं, इतक्या वर्षांनी कशाला उकरायचं. आपल्याला सोयीचं असतं ते आपल्याला शहाणपण वाटतं.

नव्वदनंतर प्लॅस्टिकचे डबे आले आणि पत्र्याच्या डब्यांची मागणी आटत गेली. आधी एक पाळी बंद झाली, मग सगळा कारखाना. शेवटच्या महिन्यात कामगारांना सेवेचे दाखले द्यायचे होते. मी टाइप करत होते, हाजिरीबाबू शेजारी रजिस्टर घेऊन बसले होते. प्रत्येक दाखल्यावर कार्डावरच्या नावापुढे त्यांनी मला 'उर्फ' टाइप करायला लावलं आणि घरचं नाव घालायला लावलं. साहेब म्हणाले, दाखल्यावर हे शोभत नाही. "शोभायचं नाही साहेब," हाजिरीबाबू म्हणाले, "पोचायचंय." साहेबांनी एकेका कागदावर सह्या केल्या. तिवारी आपला दाखला घेऊन त्यांच्या पाया पडायला वाकला तेव्हा त्यांनी त्याला वरच्यावर धरलं.

पुढे दोनतीन वर्षांनी त्यांच्या सूनबाई मला डोंबिवलीच्या बाजारात भेटल्या. म्हणाल्या, बाबांची तब्येत बरी नसते, छातीचं दुखणं आहे, तुमची आठवण काढतात. पुढच्या रविवारी मी ठाकुर्लीला गेले. ते खिडकीशी पलंगावर उशांना टेकून बसले होते. दम लागत होता, पण बोलणं स्वच्छ होतं. इकडचं तिकडचं झालं, चहा झाला. त्यांच्या बायको आत गेल्या आणि मी म्हटलं, "बाबू, ती तार मी माझ्या मनानं लिहिली होती. तुम्ही फोन केलाच नव्हता. मी साहेबांसमोर बोलायला हवं होतं."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"अगं, प्रत माझ्या खिशात होती. अक्षर तुझं होतं ते मला दिसत नव्हतं का? अक्षर तुझं होतं पोरी, पण आडनाव माझं होतं."

"मी कतवारू लिहिलं असतं तर ते आले असते."

"मी कतवारूच ठेवलं असतं तर तू तेच लिहिलं असतंस." मग जरा दम घेऊन म्हणाले, "माझ्या बापाला त्या कारकुनानं नाव दिलं, तेव्हा बाप त्या टेबलासमोर उभा होता. त्यानं घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं. मी त्या पोराला सांगायला हवं होतं, घरी कळव. एवढंच राहिलं. रोज राहिलेलं आठवतं."

मी रडत होते. त्यांनी बायकोला हाक मारून माझ्यासाठी पाणी मागवलं आणि मुलं काय शिकतात ते विचारलं. निघताना दारापर्यंत येण्यासाठी ते उठू लागले. मी येऊ दिलं नाही.

दिवाळीच्या आधी ते गेले. मला कळलं तेव्हा चार दिवस होऊन गेले होते. त्यांच्या घरी जाऊन बसले, त्यांच्या बायकोचा हात हातात घेतला. आज माझं वय त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे गेलं आहे. ते म्हणाले होते की चूक त्यांची. मला तसं वाटत नाही, तेव्हाही वाटलं नव्हतं. साहेबांच्या केबिनमध्ये त्यांनी ती माझ्या अंगावरून उचलून स्वतःच्या अंगावर घेतली, शेवटपर्यंत वागवली, आणि मी ती त्यांना घेऊ दिली.